लोकर किती वेळा ठेवायची?

आदरणीय मावशी, ख्रिस्तात सलाम.

माझे वय ३१ आहे. आमचे घर नवापूर तालुक्यात आहे आणि गेली आठ वर्षे मी धुळ्यात एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते. तीन वर्षांपूर्वी माझा साखरपुडा झाला होता. आमच्या मंडळीत लग्नाची घोषणा दोन रविवार झाली आणि तिसऱ्या रविवारच्या आधी मुलाकडून नकार आला. कारण आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही. आता अक्कलकुवा तालुक्यातील एका आश्रमशाळेत शिकवणाऱ्या, विश्वासी घरातल्या एका मुलाशी सात महिन्यांपासून माझे बोलणे चालू आहे. दुसऱ्याच भेटीत त्याने सांगितले, की तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक आहे. मी माझी तपासणी कधीच केलेली नाही, आणि मोडलेल्या साखरपुड्याविषयी त्याला अजून बोललेले नाही. माझ्या मामेभावाला हा आजार होता. थंडीत त्याचे सांधे दुखायचे आणि तो रात्रभर रडायचा, ते मी लहानपणी पाहिले आहे. आत्या म्हणते, देवावर विश्वास असेल तर रक्त तपासायचे कशाला? मी रोज प्रार्थनेत खूण मागते. बायबलमधल्या गिदोनासारखी लोकर ठेवते, म्हणजे अमुक दिवशी त्याचा फोन आधी आला तर होकार द्यायचा, असे ठरवते. दोनदा खूण मिळाली, तरी मन ठरत नाही. पावसाळा संपेपर्यंत त्याला उत्तर हवे आहे. पुन्हा मंडळीत माझ्या नावाची घोषणा होईल या कल्पनेनेच मला घाम फुटतो. मी काय करू?

– नवापूरकडची एक बहीण

प्रिय मुली,

सलाम. तू मला मावशी म्हटले आहेस, म्हणून मीही तुला ‘तू’ म्हणते. तुझे पत्र मी तीन वेळा वाचले. पहिल्या वाचनात तुझे दुःखच मनात भरून राहिले. दुसऱ्या वाचनात मात्र एका वाक्यापाशी मी थांबले, आणि मला सांगायचे आहे ते बहुतेक सगळे त्याच वाक्याच्या आसपास आहे. दुसऱ्याच भेटीत त्याने आपल्या रक्ताविषयी सांगितले, असे तू लिहितेस आणि लगेच पुढच्या गोष्टीकडे वळतेस. नंदुरबारच्या पट्ट्यात लग्नाच्या बोलणीत सिकलसेलचे नाव निघाले की स्थळे कशी मागे फिरतात, हे तुला ठाऊक आहे आणि त्यालाही ठाऊक असणार. तरीसुद्धा तुझ्याकडून कोणताही शब्द मिळालेला नसताना, तू उठून निघून जाशील ही शक्यता समोर दिसत असताना, त्या मुलाने ती गोष्ट स्वतःहून तुझ्यापुढे ठेवली. ही जोखीम पत्करावी की नाही, असे तू मला विचारतेस. त्याच्या बाजूने ती सात महिन्यांपूर्वीच पत्करून झाली आहे. तुझ्याजवळ मात्र अजून दोन गोष्टी मिटून ठेवलेल्या आहेत: न केलेली तपासणी आणि न सांगितलेला साखरपुडा.

तुला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. जिचे नाव दोन रविवार मंडळीसमोर वाचले गेले आणि तिसऱ्या रविवारी जिला त्याच बाकावर बसून सगळ्यांच्या नजरा सोसाव्या लागल्या, तिने पुढच्या माणसाजवळ लगेच मन मोकळे करावे, अशी अपेक्षा धरण्याचा कोणाला अधिकार नाही. तू सावध झालीस, हे स्वाभाविक आहे. पण ही सावधगिरी आता प्रार्थनेच्या आत शिरली आहे, आणि तिथे ती तुझे नुकसान करते आहे असे मला वाटते.

गिदोनाची गोष्ट आपण लहानपणापासून शब्बाथशाळेत ऐकतो, म्हणून ती नीट वाचायची राहून जाते. खळ्यात लोकर ठेवून त्याने देवाला सांगितले, की उद्या सकाळी दहिवर फक्त लोकरीवर पडलेले असू दे आणि भोवतालची जमीन कोरडी असू दे. तसे झाले. तरी त्याचे समाधान झाले नाही. दुसऱ्या रात्री त्याने उलटे मागितले, लोकर कोरडी आणि जमीन ओली, आणि तेही झाले. पण शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय तू सुरुवातीपासून वाचलास तर दिसेल, की त्याने काय करायचे हे त्याला लोकरीच्या आधीच स्पष्ट सांगून झाले होते. लोकरीने त्याला नवीन काहीच कळले नाही. तो घाबरलेला होता, आणि देवाने त्याच्या भीतीला समजून घेतले, रागावला नाही, एवढेच ती गोष्ट सांगते. तुझेही तसेच चालले आहे. खूण दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा तू नवी मागितलीस, कारण पुन्हा कोणी नाकारणार नाही याची हमी तुला हवी आहे, आणि अशी हमी कोणत्याही खुणेत मावत नाही.

तू म्हणशील, की अब्राहामाच्या सेवकानेही इसहाकासाठी मुलगी शोधताना विहिरीपाशी खूण मागितली होती. मागितली होती, आणि ती कसली होती ते पाहा. जी मुलगी मला पाणी देईल आणि न सांगता माझ्या उंटांनाही पाजील, ती. त्याच्याबरोबर दहा उंट होते. वाळवंटातून आलेल्या दहा उंटांना घड्याने पाणी काढून पाजणे म्हणजे काय, हे उन्हाळ्यात विहिरीवरून हंडे वाहिलेल्या बाईला सांगावे लागत नाही. त्या सेवकाने योगायोग मागितला नाही, तर स्वभाव दिसेल अशी गोष्ट मागितली. फोन मंगळवारी आधी आला की बुधवारी, यातून त्या मुलाचा स्वभाव कळत नाही. दुसऱ्या भेटीत त्याने जे सांगितले त्यातून कळतो. तुला खूणच हवी असेल, तर ती तुझ्या अंगणात लोकर ठेवण्याच्या आधीच येऊन पडलेली आहे.

आता रक्ताविषयी. तू परिचारिका आहेस, यातले बरेच तुला माहीत आहे. तरी हे सदर वाचणाऱ्या तुझ्यासारख्या इतर मुलींसाठी मी सविस्तर लिहिते. सिकलसेलचा आजार आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आला तरच होतो. एकाच बाजूने आला तर माणूस वाहक असतो. त्याला सहसा कसलाही त्रास नसतो आणि तो शेतात, वर्गात, मैदानावर इतरांसारखाच वावरतो. तुझा अहवाल सामान्य आला, तर तुमच्या कोणत्याही मुलाला हा आजार होणार नाही; प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता मात्र ५० टक्के राहील. तूही वाहक निघालीस, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, ते वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्हींतून मुक्त असण्याची २५ टक्के. हा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने लागू होतो. चारांतले एक आजारी झाले, आता पुढची तीन निरोगीच होणार, असे आपल्याकडे काही घरांत मानतात, ते चूक आहे आणि त्याची किंमत लेकरांना मोजावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील पहिल्या चाचणीत रक्तात सिकल आहे की नाही एवढेच कळते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणाऱ्या पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत ठरते, म्हणून पहिल्या कागदावर थांबू नकोस. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे आदिवासी भागांत ही तपासणी मोठ्या प्रमाणावर होते, आणि सरकारी केंद्रात तिला पैसे पडत नाहीत.

तुम्ही दोघेही वाहक निघालात तर लग्न करू नका, असे मी म्हणणार नाही; डोळे मिटून करा, असेही म्हणणार नाही. तेव्हा तुम्हा दोघांना समुपदेशकासमोर बसून अवघड गोष्टी बोलाव्या लागतील: मूल होऊ द्यायचे का, दत्तक घ्यायचे का, गरोदरपणातील तपासणीविषयी तुमचा विवेक काय सांगतो, आणि आजारी मूल पदरात आले तर त्याला सांभाळण्याची दोघांची तयारी आहे का. आज हायड्रॉक्सीयुरियासारखी औषधे आहेत, लसी आहेत, आजार लवकर ओळखता येतो. तुझ्या मामेभावाच्या वाट्याला आलेले दिवस प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येतातच असे नाही. तरी तो आजार सोपा आहे असे सांगून मी तुला फसवणार नाही.

तुझ्या आत्याच्या विश्वासाविषयी मला आदर आहे, परंतु या बाबतीत त्या चुकतात. सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन सांगितले, की उडी टाक, देवदूत तुला झेलतील. आणि येशूने नकार दिला. पायऱ्या असताना उडी टाकून देवाला झेलायला लावणे म्हणजे विश्वास, असे त्याने मानले नाही. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हेही त्यानेच सांगितले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय आपल्याकडे प्रत्येक लग्नात वाचतात, आणि प्रीती सर्व काही सहन करते या ओळीवर सगळे माना डोलावतात. त्याच्या एकच ओळ आधी, प्रीती सत्यात आनंद मानते, असे पौलाने लिहिले आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जे कळू शकते ते कळवून घेणे हा प्रीतीचाच भाग आहे. मग जे कोणत्याही तपासणीत कळत नाही तेवढेच उरते, आणि विश्वासाचे काम तिथे सुरू होते.

उरते ते काय? तो पुढे बदलला तर? तोही नाही म्हणाला तर? तुझ्या मनात तळाशी हेच आहे, असे मला वाटते. याविषयी मी तुला एका माणसाची आठवण करून देते. मार्काच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात एक श्रीमंत मनुष्य धावत येतो, येशूपुढे गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवनाविषयी विचारतो. येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. त्याला ‘माझ्यामागे ये’ म्हटले. आणि तो मनुष्य खिन्न होऊन निघून गेला. येशूने त्याला अडवले नाही, अट सौम्य केली नाही, त्याच्यामागे कोणाला पाठवले नाही. तो नंतर परत आला की नाही, तेही तिथे लिहिलेले नाही.

ही गोष्ट आपण नेहमी संपत्तीच्या मोहाची म्हणून ऐकतो. माझा साखरपुडा मोडलेला नाही, तरी तुझे पत्र वाचताना ती मला पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने दिसली. देवाच्या पुत्राने एका माणसावर प्रीती केली आणि त्याला नकार मिळाला, तोही लोकांदेखत, शिष्य उभे असताना. त्या नकारामुळे येशूमध्ये काही उणे होते असे कोणी म्हणत नाही. त्याने प्रीती करणे हीच चूक होती, असेही कोणी म्हणत नाही. मग तीन वर्षांपूर्वी जे घडले ते तुझ्यातल्या कोणत्या तरी उणिवेचा पुरावा आहे, असे तू का धरून बसली आहेस? पत्रात तू तसे लिहिलेले नाहीस, पण ‘कारण आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही’ या वाक्यात ते मला ऐकू आले. कारण न सांगितल्यामुळे तू स्वतःच कारणे तयार करत राहिलीस, आणि माणूस अशा वेळी कारणे स्वतःच्याच अंगावर ओढून घेतो. ज्याने कारण न सांगता पाठ फिरवली त्याच्यात धैर्य नव्हते, इतके आपल्याला नक्की ठाऊक आहे. बाकी काहीच ठाऊक नाही, आणि त्या अंधारावर तुझ्या पुढच्या आयुष्याचा निर्णय अवलंबून ठेवू नकोस.

त्याच येशूने वल्हांडणाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्यांत यहूदाचेही पाय होते. पुनरुत्थानानंतर तो सरोवराच्या काठी पेत्राला भेटला, ज्याने त्याला तीन वेळा नाकारले होते, आणि त्याला तीन वेळा विचारले, की माझ्यावर प्रीती करतोस काय? ज्याने एकदा ओळखही नाकारली त्याला पुन्हा विचारणे म्हणजे पुन्हा नकाराच्या वाटेवर उभे राहणे. आपण ज्याच्यावर विश्वास ठेवतो तो प्रभू असा आहे. त्याने प्रथम प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो, असे योहान लिहितो. त्या ‘प्रथम’ या शब्दात किती जोखीम आहे, हे मला वयाची पन्नाशी उलटल्यावर समजले.

ते कसे समजले, हेही सांगते. माझे लग्न सगळ्या बाजूंनी खात्रीचे म्हणून जमवले होते: भुसावळला रेल्वेतली नोकरी, क्वार्टर, एकाच मंडळीतली दोन घरे, निर्व्यसनी मुलगा. लग्नाच्या अकराव्या वर्षी माझ्या पतींना पक्षाघात झाला आणि पुढची सोळा वर्षे त्यांची उजवी बाजू आणि वाचा पूर्ववत झाली नाही. मी त्या वर्षांत नेहमी गोड राहिले असे नाही. देवावर रागावले, त्यांच्यावरही रागावले, आणि एका वर्षी तर प्रभुभोजनाला पुढे जाणेच सोडले होते. पण एका संध्याकाळी मी त्यांना भाकरी कुस्करून भरवत असताना त्यांनी डाव्या हाताने माझ्या ताटाकडे खूण केली, की आधी तू जेव. तेव्हा मला जे कळले ते खात्रीच्या अकरा वर्षांत कधी कळले नव्हते. तुझ्या आणि माझ्या स्थळात फरक एवढाच, की तुझ्यापुढची जोखीम तुला आधी सांगण्यात आली आहे आणि माझी मला सांगणारे कोणी नव्हते.

आपल्या खानदेशात कापसाची धूळपेरणी करतात. मृग अजून दूर असतो, जमीन तापलेली असते, आणि शेतकरी कोरड्या मातीत सरकी टाकतो, कारण पाऊस वेळेवर आला तर पीक पुढे जाते. आला नाही तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा, बहुधा उसनवारी करून. कृषी खाते दरवर्षी सांगते, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि तो सल्ला योग्य आहे. तुझी तपासणी म्हणजे ती ओल पाहणेच आहे. परंतु ओल पाहून पेरणाऱ्यालाही पुढे पावसात खंड पडणार नाही याची हमी कोणी देत नाही. पहिली पेरणी वाया गेलेल्या शेतकऱ्याला शेताच्या बांधावर उभे राहून पुन्हा तिफण धरताना मी पाहिले आहे. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नसतो. स्तोत्रकर्त्याने अश्रू ढाळत पेरणाऱ्यांविषयी लिहिले, ते अशाच माणसांविषयी असावे. तुला होकार देताना भीती वाटली तर ती अविश्वासाची खूण समजू नकोस. दुसऱ्यांदा पेरणाऱ्याचे हात थरथरतातच.

एक गोष्ट मात्र मला कडक शब्दांत सांगू दे, कारण जोखीम या शब्दाचा गैरवापर करणारे लोक आपल्या मंडळ्यांतही आहेत. दुखावले जाण्याची जोखीम वेगळी आणि धोक्यात राहणे वेगळे. दारू पिऊन हात उचलणाऱ्या नवऱ्याजवळ बाईला ‘प्रीती सर्व सोसते’ असे सांगून परत पाठवले जाते, तेव्हा पवित्र शास्त्राचा अपमान होतो. तशा बाईला आधी घराबाहेर सुरक्षित जागा आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचे संरक्षण हवे, वचने नंतर. म्हणून होकार देण्याआधी त्याच्या गावी जाऊन ये. आईशी तो कसा बोलतो, आश्रमशाळेतली मुले त्याला पाहून गप्प होतात की जवळ येतात, पगाराचे काय करतो, राग आल्यावर काय करतो, हे पाहा आणि विचारही. जो आपल्या रक्ताविषयी न विचारता बोलला, तो या प्रश्नांना रागावणार नाही असे मला वाटते. रागावला तर तेही तुला वेळेवर कळेल.

साखरपुड्याविषयी त्याला सांगताना तुझ्या बाजूची सफाई देत बसू नकोस. जसे मला दोन वाक्यांत लिहिलेस तसे सांग, आणि मग गप्प राहा. तो काय म्हणतो ते ऐक. शक्यतो अहवाल येण्याच्या आधी सांग, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतणार नाहीत. रिबेकेला तिच्या घरच्यांनी शेवटी एवढेच विचारले होते, की या माणसाबरोबर जातेस काय, आणि ती ‘जाते’ म्हणाली, इसहाकाला एकदाही पाहिलेले नसताना. तू त्याला सात महिने ओळखतेस. अहवाल हातात असेल, त्याचे गाव पाहिलेले असेल आणि तुझी गोष्ट त्याला ठाऊक असेल, तेव्हा तुझे उत्तर होकाराचे असो वा नकाराचे, ते भीतीने दिलेले नसेल. आणि नकार द्यायचे ठरले, तर तुला जे मिळाले नाही ते त्याला दे: समोर बसून कारण सांग.

राहिली घोषणा. तुझ्या पाळकांशी आधी मोकळेपणाने बोल. त्यांना तीन वर्षांपूर्वीचा तो रविवार आठवत असेलच. पहिली घोषणा वाचली जाईल त्या दिवशी त्या मुलाला नवापूरला बोलावून घे. नंदुरबारहून गाडीने सकाळी येता येईल. तुमच्या मंडळीत पुरुषांची आणि बायकांची बाजू वेगळी असली, तर त्याने पलीकडच्या बाजूला पहिल्या ओळीत बसावे, म्हणजे नाव वाचले जाताना तुला मान वर करून समोर त्याच्याकडे पाहता येईल. आत्यालाही शेजारी बसव. त्यांनी तुझा हात धरायला हवा आहे, आणि मला वाटते त्या धरतील.

– तुझी मावशी